चांगुणाबायचा चष्मा आणि माझं पिवळं फडकं

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर आमचं चष्म्याचं दुकान होतं. ‘होतं’ लिहिताना अजून हात अडखळतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही ते बंद केलं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या दुकानात मी चौतीस वर्षं बसले. लग्न होऊन आले तेव्हा चष्म्यातलं मला एवढंच ठाऊक होतं की तो नाकावर बसतो. यजमान बँकेत, त्यांना दुकानात रस नव्हता. म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, मला काउंटरमागच्या स्टुलावर बसवलं आणि हातात एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर दिला. “हा हरवू नकोस, बाकी सगळं येईल,” म्हणाले. पुढे मी डोळे तपासायचा रीतसर अभ्यास केला, प्रमाणपत्र भिंतीवर लावलं, पण आख्ख्या मानपाडा रोडला मी ‘चष्मेवाल्या वहिनी’च राहिले.

लोकांना वाटतं, आमचा धंदा काचांचा. अण्णा म्हणायचे, काचेचं निम्मं काम डॉक्टरांच्या चिठ्ठीनं झालेलंच असतं, आपलं खरं काम नाक आणि कान. ते खरंच होतं. नंबर अगदी बरोबर असला तरी चष्मा नाकावरून घसरला की माणूस काचेच्या वरून बघायला लागतो आणि मग आमच्या नावाने बोटं मोडतो. कुणाचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, कुणाचं नाक एका बाजूला झुकलेलं असतं. हे त्या माणसाला साठ वर्षांत कळलेलं नसतं आणि आम्हाला मिनिटभरात दिसतं. ते तोंडावर सांगायचं नसतं, एवढं मी पहिल्या आठवड्यातच शिकले. एका बाईंना सांगून बसले होते. त्या पुन्हा आल्या नाहीत.

प्लॅस्टिकची फ्रेम वाकवायची तर ती गरम करावी लागते. आता त्याला गरम हवेचं यंत्र असतं. अण्णांकडे विजेवर तापणारं पितळी भांडं होतं, त्यात बारीक मीठ भरलेलं असायचं. गरम मिठात काडी क्षणभर खुपसायची, मऊ झाली की गिऱ्हाइकाच्या कानाच्या बेताने वाकवायची. हे मीठ पुढे आमच्या गोष्टीत येणार आहे, पण त्याआधी फडक्याबद्दल सांगते, कारण खरं लिहायचंय ते त्याबद्दल.

काउंटरवर डाव्या हाताला एक पिवळं फ्लॅनेलचं फडकं असायचं. अण्णांचा शिरस्ता होता: दुकानात कुणीही येवो, खरेदीला येवो की नुसता पत्ता विचारायला, त्याच्या डोळ्यांवर चष्मा असेल तर आपण होऊन मागायचा, पुसायचा आणि परत द्यायचा. “बघा आता,” एवढंच म्हणायचं. माणूस चष्मा लावायचा, बाहेर रस्त्याकडे बघायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा. तो चेहरा बघायला मला इतकं आवडायचं की अण्णा गेल्यावर मी तो शिरस्ता अधिकच जोमाने चालवला. शाळा सुटली की पोरं रांगेने चष्मे पुसून घ्यायला यायची. भाजी घेऊन परतणाऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून चष्मा पुढे करायच्या. मला त्याचा अभिमान होता. निम्म्या डोंबिवली पूर्वेला जग मीच स्वच्छ दाखवते, असं मनातल्या मनात म्हणायची.

चष्म्यावरच्या मळावरून माणसाचा व्यवसाय ओळखायचा हाही माझा एक छंद होता. काचेवर तेलाचे बारीक थेंब आणि त्यावर चिकटलेलं पीठ म्हणजे आचारी. कडांना निळसर भुकटी म्हणजे एमआयडीसीतला रंगाचा कारखाना. आतल्या बाजूला काजळी आणि कापराचा वास म्हणजे भटजी. काडीच्या टोकाला दातांचे व्रण म्हणजे हिशेबनीस किंवा परीक्षा देणारा. आणि जवळजवळ सगळ्यांच्याच नाकाच्या पॅडखाली तो हिरवट, चिकट मळ. धातू, घाम आणि चेहऱ्याचं तेल मिळून तो होतो. पिनेनं काढला तर शेवाळासारखा सुटून येतो. मी तो काढायची, फडक्याला पुसायची आणि पुढच्या चष्म्याकडे वळायची.

कोरोनाच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. एका सकाळी वनिता म्हात्रे तिच्या आईला घेऊन आली. वनिता मानपाडा गावात दिलेली, माझी जुनी गिऱ्हाईक. आई ठाण्याजवळच्या बाळकुमची. चांगुणाबाय. वय पंच्याहत्तरच्या आसपास, ताठ पाठ, नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून नेसलेलं आणि डोळ्यांवर एक जाड काळी पुरुषी फ्रेम. तिच्या उजव्या काडीचा सांधा दोऱ्याने बांधला होता. दोन्ही काड्यांच्या टोकांना, कानामागे बसतात तिथे, कापडाची चिंधी घट्ट गुंडाळली होती. ती चिंधी मुळात कोणत्या रंगाची होती हे सांगणं कठीण होतं.

“वहिनी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय,” वनिता म्हणाली. “ठाण्याच्या डॉक्टरांकडे. तोवर ती माझ्याकडेच आहे. हा चष्मा सारखा घसरतो, जरा बसवून द्या.”

मी चष्मा मागितला. चांगुणाबायने तो काढला, पण हातातून सोडला नाही. तेव्हा मला तिचा डावा डोळा दिसला. पूर्ण पांढरा. लहानपणी देवी आल्या त्यात गेलेला. राहिलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि पापणीची कड लाल, सुजलेली, पापण्यांच्या मुळाशी कोंडा धरल्यासारखी खपली.

“आजी, हा चष्मा तुमचा नाही ना?” मी विचारलं. काचांवरूनच कळत होतं.

“आमच्या मालकांचा,” ती म्हणाली. “जाऊन चार वर्सा झाली.”

“पण हा तुमच्या नंबरचा नाही.”

“नंबर कोनाला पायजे, बाय. डोल्यावं काच असली का लोका मेलेल्या डोल्याकडं बघत नाय.”

तिची बोली मला जशी आठवते तशी लिहिते आहे. चुकली असेल तर बाळकुमकरांनी सांभाळून घ्यावं.

मी मिठाचं भांडं सुरू केलं. तिने मान पुढे काढून आत पाहिलं, पाहिलं म्हणजे वास घेतला म्हणा, आणि कडेचं गार मीठ चिमटीत घेऊन चोळलं. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही गैर करताना सापडले होते.

“ह्यो मीठ आगरातला नाय,” ती म्हणाली. “पिशवीतला हाय.”

तिचं आयुष्य मिठागरात गेलं होतं. बाळकुमच्या खाडीकडेला जिथे आता टॉवर उभे आहेत तिथे तिचा नवरा धर्मा मीठ ओढायचा, ती पाट्या वाहायची. पुढे जमिनी गेल्या, त्या बदल्यात घरं मिळाली, आता मुलगा अकराव्या मजल्यावर राहतो. हे सगळं तिने काडी गरम होईपर्यंत सांगून टाकलं. काड्या मी वाकवल्या, पण चिंधीला हात लावायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. “तिथं नको.” मी म्हटलं, राहू दे. काचा मात्र माझ्या पिवळ्या फडक्याने छान पुसल्या, नाकाच्या जागा पुसल्या आणि म्हटलं, “बघा आता.” तिला फारसं काही दिसणार नव्हतंच. तरी ती हसली.

तेव्हापासून ती आठवड्यातून दोन-तीनदा यायला लागली. वनिताच्या घरापासून पायी फेरी मारायची आणि आमच्या बाकावर टेकायची. चहा घ्यायची, आत कोण काय मागतंय ते ऐकायची. मी दर वेळी चष्मा पुसून द्यायची. मला तिची सवय झाली. दुपारी दुकान ओस असायचं तेव्हा ती मिठागराचं सांगायची. मीठ धरायला लागलं की पाण्यावर पहिल्यांदा कशी साय येते, उन्हात ते सगळं इतकं लखलखतं की डोळे उघडवत नाहीत, पावसाच्या आधी ढीग झाकायला कशी पळापळ व्हायची. डोंबिवलीत राहून मी कधी मिठागर जवळून पाहिलं नव्हतं. ठाण्याला जाता-येता लांबून पांढरे ढीग दिसायचे, तेवढंच. ते सांगताना तिच्या एका डोळ्याला पाणी यायचं आणि ती बोटाने पुसायची. ते पाणी आठवणींचं नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

ऑपरेशनची तारीख आली आणि पुढे गेली. वनिता सांगत आली, “डॉक्टर म्हणाल्या पापणी सुजलीये, आधी हे बरं करा.” थेंब दिले, मलम दिलं, गरम पाण्याच्या कापडाने शेकायला सांगितलं. पंधरा दिवसांत सूज उतरली. दुसरी तारीख मिळाली. तिच्या चार दिवस आधी पापणीवर मोठी रांजणवाडी उठली.

त्या दिवशी वनिताबरोबर मीही ठाण्याला गेले. डॉक्टरांची आणि माझी चिठ्ठ्यांमधून ओळख होती. मितभाषी बाई. त्यांनी यंत्रातून पापणी पाहिली आणि आजीला बाहेर बसवून आम्हाला सांगितलं, “डावा डोळा नाहीच. हा एकच आहे. पापणीच्या कडेला पू असताना मी आत शिरले आणि जंतू आत गेले, तर दोन दिवसांत हा डोळाही जाऊ शकतो. मी धोका घेणार नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “औषधाने बरं होतंय आणि पुन्हा येतंय. म्हणजे कुठून तरी पुन्हा येतंय. घरात बघा. उशी, टॉवेल, पदर.”

वनिताने घरी जाऊन उशीचे अभ्रे उकळले. मी परत आले आणि नेहमीप्रमाणे दुकान उघडलं. त्या संध्याकाळी मी किती जणांचे चष्मे पुसले असतील, देव जाणे.

पुढचं जे झालं ते निव्वळ योगायोगाने. पेंडसेबाई नाकाचे पॅड बदलायला आल्या. ठाण्याच्या एका कॉलेजात त्या जीवाणूशास्त्र शिकवायच्या, राहायला आमच्या मागच्या गल्लीत. माझ्यापुढे तिघेजण होते आणि मी ओळीने तिघांचे चष्मे पुसून देत होते. बाई बाकावरून बघत होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा मी चष्म्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी चष्मा दिला नाही.

“वहिनी, हे फडकं कधी धुता?”

मी विचारात पडले. “मळलं की.”

“म्हणजे कधी?”

पिवळ्या फ्लॅनेलचा गुण असा की त्यावर मळ दिसत नाही. अण्णांनी तोच रंग का निवडला असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पोरांना प्रात्यक्षिकासाठी काहीतरी हवंच आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी निर्जंतुक कापसाच्या काड्या आणल्या. ज्यांची ना नव्हती अशा गिऱ्हाइकांच्या चष्म्यांवरून, नाकाच्या पॅडवरून आणि काड्यांच्या टोकांवरून त्या फिरवल्या. चांगुणाबाय बाकावर होती, तिने आपण होऊन चष्मा पुढे केला. चिंधीवरूनही काडी फिरवू दिली, कारण बाईंनी ती सोडायला सांगितलं नाही. मी माझाही चष्मा दिला, जरा ऐटीत. दिवसातून दहा वेळा पुसलेला, माझ्याइतका स्वच्छ चष्मा डोंबिवलीत कुणाचा नसणार. शेवटी बाईंनी फडक्याच्या कोपऱ्यावरही एक काडी दाबून फिरवली.

तीन दिवसांनी त्यांनी मला कॉलेजात बोलावलं. टेबलावर काचेच्या झाकणांच्या बशा मांडल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. आत जंतू वाढवायच्या लालसर खळीचा थर, आणि त्यावर पांढरे, पिवळसर ठिपके, भिजलेल्या साबुदाण्यासारखे. आचाऱ्याच्या बशीत विरळ होते. शाळेतल्या बाईंच्या बशीत जरा जास्त. चांगुणाबायच्या चिंधीच्या बशीत दाट. एक बशी अशी होती की ठिपके वेगळे मोजताच येत नव्हते, सगळी साय धरली होती.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“फडक्याची,” बाई म्हणाल्या. “आणि शेजारची तुमची.”

माझी बशी फडक्याच्या सख्ख्या बहिणीसारखी दिसत होती. वर्गातल्या दोन मुली तोंड फिरवून हसल्या. मी हसण्याचा प्रयत्न केला.

बाईंनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, “घाबरू नका. यातले बरेचसे जंतू आपल्या कातडीवर राहतातच. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. धडधाकट माणसाला त्यांचा त्रास होत नाही. पण चष्मा नाकाला आणि कानाला दिवसभर चिकटलेला असतो, घाम मिळतो, ऊब मिळते. आपण तोच हात चष्म्याला लावतो आणि तोच डोळ्याला. ज्याची पापणी आधीच बिघडलेली आहे, ज्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याने सांभाळायला हवं. आणि एकाचं दुसऱ्याला पोचवू नये.”

‘पोचवू नये’ हे शब्द त्या अगदी सहज बोलल्या. परत येताना मात्र मला दुसरं काही सुचेना. दर उन्हाळ्यात ज्यांना रांजणवाडी व्हायची ती शाळेतली पोरं आठवली. एका घरातल्या तिघी जणींचे डोळे एकदम आले होते आणि तिघीही माझ्याकडून चष्मे पुसून गेल्या होत्या. ते माझ्यामुळेच असेल असं नाही. नसेलच असंही नाही. इतकी वर्षं मी ज्याला सेवा म्हणत होते त्या फडक्यातून नक्की कुणाला काय दिलं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. अण्णांची आठवण आली. ते असते तर त्यांना हे कसं सांगितलं असतं, तेही कळेना.

घरी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, “मग बदल फडकं. रोज धुतलेलं ठेव. गाजावाजा कशाला करतेस? उद्या लोक म्हणतील, हिच्या दुकानात डोळे खराब होतात.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फडकं तर मी त्याच संध्याकाळी फेकलं. बाकीच्यांना नाही सांगितलं तरी चाललं असतं. पण चांगुणाबाय? तिची तिसरी तारीख ठरायची होती. तिला चिंधी सोडायला सांगायचं, तर माझ्या फडक्याचं लपवून कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा मी शटर अर्धं खाली ओढलं आणि तिच्या शेजारी बाकावर बसले. सगळं सांगितलं. बशा, ठिपके, चिंधी. “आणि आजी, सगळ्यात जास्त माझ्या फडक्यात निघाले. आठवड्यातून तीनदा मी तुमचा चष्मा त्याच फडक्याने पुसत होते. तुमची पापणी माझ्यामुळेही चिघळली असेल.”

मला वाटलं, आता उठून जाईल. मानपाड्यात घरोघर सांगेल, आणि सांगितलं तर तिचं काही चुकणार नाही.

मग तिने विचारलं, “तुझे चष्म्यावं पन निंगाले?”

“माझ्यावर सगळ्यांत जास्त.”

ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता बोट डोळ्याकडे नेलं आणि माझ्याकडे बघून अर्ध्यावरून खाली घेतलं.

“तवा दोघी धुवू,” ती म्हणाली. “ऊठ.”

दुकानाच्या मागे लहानसं बेसिन होतं. मी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घेतला आणि मऊ ब्रश काढला. माझा चष्मा आधी धुतला, तिला दाखवण्यासाठी. साधं पाणी, गरम नाही, नाहीतर काचेवरचा चमक रोखणारा थर जातो. पॅडच्या खाचेत ब्रश, काडीच्या टोकापर्यंत साबण, मग भरपूर पाणी. ती बोटांनी चाचपून बघत होती.

मग तिने आपला चष्मा काढला आणि चिंधीची गाठ सोडायला घेतली. मी कात्री पुढे केली, तर तिने मान हलवली. नखांनी, दातांनी, पाच-सात मिनिटं खपून तिने दोन्ही गाठी सोडल्या. मी काही विचारलं नव्हतं. माझी समजूत होती की ती धर्माची आठवण आहे, त्याचा घाम त्यात आहे, म्हणून ती हात लावू देत नाही. समजावण्याचे शब्दही मी तयार ठेवले होते.

“माज्या लुगड्याचा हाय ह्यो फडका,” ती म्हणाली. “आगरान काम करताना त्याचे कानामागं घाम नि मीठ बसाचा. चष्मा घासून घासून जखम झालेली. भरायचीच नाय. म्हनून मी बांदलेला, त्याला लागू नये म्हनून.”

तिने ती चिंधी हातात उलटसुलट केली.

“त्याचे कानाला लागत होता. माजे कानाला काय लागत नाय.”

आणि ती तिने बेसिनखालच्या केराच्या डब्यात टाकली. मग चष्मा नळाखाली धरला आणि मला म्हणाली, साबण दे.

तयार ठेवलेल्या शब्दांतला एकही मी वापरला नाही.

त्यानंतर तीन आठवडे तिने रोज सकाळी चष्मा धुतला, हात धुतले, पापण्या शेकल्या. वनिता म्हणायची, आई आता आम्हा सगळ्यांचे चष्मे धुवायला लावते. पापणी निवळली आणि तशीच राहिली. कशामुळे, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. चिंधीमुळे, माझ्या फडक्यामुळे, की औषध या वेळी नेटाने घातलं म्हणून. मला तरी तेवढी शंका माझ्या बाजूने वळवून घ्यायचा हक्क नाही. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी वनिताचा फोन आला, “वहिनी, आईने कॅलेंडरवरचा आकडा वाचला.” मी दुकानात गिऱ्हाईक असताना स्टुलावर बसून रडले. गिऱ्हाईक बिचारा चष्मा न घेताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र परत आला.

दुकानाची रीत मी बदलली. काउंटरच्या बाजूला एक छोटं बेसिन बसवलं, कागदी रुमाल ठेवले, डोळे तपासताना घालायची फ्रेमही प्रत्येकानंतर पुसायला लागले. लोकांना ते आवडलं असं नाही. एक निवृत्त गृहस्थ मी चष्मा धुवायला सांगितला म्हणून चिडले. “माझा चष्मा घाण आहे म्हणता?” मी म्हटलं, “माझा त्याहून घाण निघाला होता.” ते गोंधळले आणि मग निमूट धुवायला लागले. जुनी बायकामंडळी म्हणायची, “वहिनी, पूर्वी तुम्ही स्वतः पुसून द्यायचात.” त्यांना तेच हवं होतं. मलाही. तो चष्मा हातात घेणं, “बघा आता” म्हणणं, तो उजळलेला चेहरा. धुवायला मी लावलं, ते बरोबरच केलं. पण दुकानाची एक माया त्यात गेली, आणि ती पुन्हा आली नाही. पुढे कोरोनात लोक उलट्या टोकाला गेले, सॅनिटायझर ओतून काचांवरचे थर उडवून आणायला लागले. तेव्हा मी साबणाचा थेंब दाखवून दाखवून थकले.

महिना-सव्वा महिन्याने चांगुणाबायचा नवा नंबर आला. ती तोवर बाळकुमला मुलाकडे परत गेली होती. चष्मा तिच्या मुलानेही नेला असता, पण मी स्वतः घेऊन गेले. हलकी, साधी फ्रेम, डावी काच जरा गडद करून घेतली होती. तिने दारातच मला आपादमस्तक न्याहाळलं.

“तू एवरी म्हातारी हायस?” ती म्हणाली. “आवाजावरून मना पोर वाटलेली.”

मी नवा चष्मा तिच्या नाकावर बसवला, कानामागे बोट फिरवून बघितलं, कुठे दाबत नव्हता. मुलगा आणि सून कामावर गेले होते. तिने मला गॅलरीत नेऊन खाली बोट दाखवलं: इथपासून तिथपर्यंत आगर होतं. खाली आता गाड्या लावलेल्या होत्या आणि पोहण्याचा निळा तलाव होता. तिला ते सगळं दिसत होतं. ती फार वेळ तिथे उभी राहिली नाही.

आत भिंतीवर धर्माचा फोटो होता, मोठा केलेला, हार घातलेला. कुणाच्या तरी लग्नातला असावा. डोक्याला फेटा, आणि डोळ्यांवर तीच काळी फ्रेम. फ्लॅशचा उजेड दोन्ही काचांवर असा काही पडला होता की डोळ्यांच्या जागी नुसते दोन पांढरे गोल होते. जुन्या साध्या काचांच्या फोटोंत असं नेहमी व्हायचं. आम्हाला ते बघायची सवय असते.

चांगुणाबाय फोटोसमोर उभी राहिली.

“चार वर्सा मी ह्या फोटोकडं बघतय,” ती म्हणाली. “मना वाटाचा, माजे मोतीबिंदून त्याचे डोले दिसत नाय. म्हनून तर ऑपरेशनला हो बोल्ली.”

काचेवरची चमक, उजेडाचा कोन, हे सगळं मला समजावून सांगता आलं असतं.

तिने पदराने फोटोची काच पुसली. एकदा, दोनदा. मग मागे सरून पुन्हा पाहिलं.

“जाऊं दे,” ती म्हणाली. “त्याचे डोले मना पाठ हायत.”

आणि चहा टाकायला आत गेली. जाताना तिने नवा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. मी तो उचलला, जवळचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दोन्ही काड्यांचे स्क्रू पुन्हा एकदा आवळत बसले. ते आधीच घट्ट होते.